बदली नटाचा अंगरखा

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात एका कौटुंबिक नाटकाचा प्रयोग पाहण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातल्या एका दांपत्याने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त सगळ्या आप्तांची तिकिटे काढली होती आणि त्यांतले एक माझ्यासाठी राखून ठेवले होते. तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडण्यापूर्वी निवेदन ऐकू आले. प्रमुख भूमिका करणारे नट प्रकृतीच्या कारणास्तव आज उपस्थित राहू शकत नाहीत. त्यांच्याऐवजी दुसरे एक कलावंत ती भूमिका सादर करतील. रसिकांनी सहकार्य करावे. सभागृहातून एक सुस्कारा उमटला. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तावातावाने उठून बाहेर गेले आणि पाच मिनिटांनी मुकाट्याने परत येऊन बसले.

बदली आलेला तो नट काम बरे करत होता. शब्द पाठ होते, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. परंतु अंगातला कोट त्याचा नव्हता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या. बोलता बोलता तो डाव्या हाताने उजवी बाही वर सारी. पहिल्या अंकात त्याने असे अकरा वेळा केले. मी मोजले. असे मोजत बसणे हे चांगल्या प्रेक्षकाचे लक्षण नव्हे, हे मला मान्य आहे. दुसऱ्या अंकात बाप मुलाला घराबाहेर काढतो असा प्रसंग होता. दाराकडे बोट दाखवण्यासाठी त्याने हात लांब केला तेव्हा बोट दिसलेच नाही, नुसती बाही दिसली. मागे कोणीतरी हसले.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने अंधेरीकडे परतताना गाडीत नाटकाच्या कथानकावर चर्चा चालली होती. मी गप्प होतो. वीस वर्षांपूर्वीचे असेच एक हसणे माझ्या कानांत होते. त्याकडे मी पुढे येईनच. तत्पूर्वी त्या कोटाने माझ्यापुढे उभा केलेला प्रश्न मांडतो. जो माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहतो, त्याला आपण काय द्यायला बांधलेले असतो? आणि ती जागा स्वीकारताना त्याने तिच्यातले काय जसेच्या तसे राखले पाहिजे?

मराठी नाट्यव्यवसायात पोशाखाच्या खात्याला ‘कपडेपट’ असा जुना आणि सुरेख शब्द आहे. बदली नटाच्या कामाला मात्र ‘रिप्लेसमेंट’ हा इंग्रजी शब्दच रुळला. अमक्याने तमक्याची रिप्लेसमेंट केली, असे सर्रास म्हणतात. शनिवार-रविवारी दीनानाथ, प्रबोधनकार ठाकरे, गडकरी रंगायतन, शिवाजी मंदिर अशा फेऱ्या होतात. नटमंडळी आठवडाभर मालिकांच्या चित्रीकरणात गुंतलेली असतात. एखाद्याला तारखा जमत नाहीत, एखादा आजारी पडतो, आणि दोन-चार तालमींत नवा माणूस उभा करावा लागतो. त्या तालमींत शब्द येतात, हालचाली येतात, प्रकाश कोठे पडतो ते येते. कपड्यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो, कारण कपडे तर ट्रंकेत तयारच असतात.

आमच्या शेजारच्या चाळीत एक वृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांचे सारे आयुष्य कपडेपट सांभाळण्यात गेले होते. धर्माने ते हिंदू, पण नाताळच्या गोठ्यातील राजांचे झगे ते दरवर्षी स्वतः इस्त्री करून देत. बदली नट आला की तुम्ही काय करता, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, ‘‘फादर, लुगडं भूमिकेचं असतं, चोळी माणसाची असते.’’ माझ्या चेहऱ्यावरचे प्रश्नचिन्ह पाहून त्यांनी उलगडून सांगितले. नऊवारी लुगडे कोणालाही नेसवता येते. उंच बाई असो की ठेंगणी, निऱ्या कमीजास्त करायच्या. धोतराचे, उपरण्याचे, शेल्याचे तसेच. चोळी मात्र अंगाबरोबर शिवावी लागते. दुसरीची चोळी घातली तर बाईला श्वास घेता येत नाही आणि श्वास घेता आला नाही तर वाक्य पुरे होत नाही. म्हणून जुनी जाणती माणसे शिवतानाच आत जास्तीचे कापड ठेवत, हुकांच्या दोन रांगा लावत, कमरेला नाडी घालत. टीप उसवली की कपडा दोन बोटे मोठा होतो. पादत्राणे ज्याची त्याची. त्यात तडजोड नाही. ‘‘आणि वेळ नसेल तर?’’ मी विचारले. ते म्हणाले, ‘‘वेळ नसेल तर रात्र असते.’’

त्यांचे हे बोलणे ऐकल्यापासून मी जुन्या संगीत नाटकांकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर निवर्तले आणि त्यांनी गाजवलेली शकुंतला किर्लोस्कर नाटक मंडळीत पोरकी झाली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण मंडळीत आला आणि त्याच शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. हेच पुढे बालगंधर्व म्हणून विख्यात झाले. आज आपण त्यांना कोणाचे बदली नट म्हणून ओळखत नाही. परंतु त्या पहिल्या रात्री मांडवातले जाणते श्रोते भाऊरावांची शकुंतला मनात घेऊनच बसलेले असणार. लुगडे शकुंतलेचे होते, ते नव्या अंगावर नेसवता आले. गळा मात्र ज्याचा त्याचा होता. बालगंधर्वांनी पुढे शालू, अत्तरे, गालिचे यांवर पैसा ओतला आणि मंडळीला कर्जात बुडवले, हा त्यांच्यावरचा आक्षेप सर्वश्रुत आहे. तो खराही आहे. परंतु पोशाख ही अभिनयाची बाहेरून चिकटवलेली शोभा नाही, एवढे त्या माणसाने ओळखले होते.

आपल्या समाजाच्या रंगभूमीचा आरंभ तर दुसऱ्यांच्या कपड्यांतच झाला. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला. नाव ‘इटालियन भुरगो’. तियात्राचा इतिहास सांगणारे असे सांगतात, की त्याचे एक प्रवर्तक लुकाझिन्यू रिबेरो हे हिंदुस्थानात आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर काम करत आणि ती मंडळी मायदेशी निघाली तेव्हा तिचे वापरलेले पोशाख त्यांनी विकत घेतले. युरोपातल्या गायकांच्या मापाने बेतलेले ते कपडे गोव्याच्या पोरांच्या अंगावर चढले. ते कोठे सैल, कोठे आखूड झाले असतील याची कल्पना करून मला कधी हसू येते. परंतु त्यांनी ते कपडे विकत घेतले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेला कपडा माणूस निःसंकोचपणे कापतो, आत घेतो, उसवतो. उसना कपडा कापता येत नाही. पिन लावावी लागते.

एकाच भूमिकेत अनेक जण आणि एकाच जणाच्या अनेक भूमिका, अशी दोन्ही टोके मराठी रंगभूमीने पाहिली आहेत. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात प्रभाकर पणशीकर पाच रूपांत येत. फिरता रंगमंच वळेपर्यंत माणूस तोच, पोशाख आणि नाव निराळे. १९७० मध्ये आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चे उलटे झाले. तेथे अप्पासाहेब बेलवलकर एकच, पण ते साकारणारे बदलत गेले. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले, पुढे मोहन जोशींनीही ती भूमिका केली. खरे बेलवलकर कोणाचे, हा वाद माझ्या तरुणपणी जेवणाच्या पंक्तीत रंगत असे. माझे एक मामा लागूंच्या बाजूचे होते आणि मामी दत्ता भटांच्या. त्या वादातून मला एक गोष्ट कळली. लागूंच्या मागून येणारा नट लागूंसारखे करू लागला तर लोक त्याला क्षमा करत नाहीत; आणि त्याने बेलवलकरांचे बेलवलकरपणच सोडले तरीही क्षमा करत नाहीत. लुगडे सोडायचे नाही आणि चोळी दुसऱ्याची घालायची नाही, असा हा पेच आहे.

पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या नाटकमंडळ्यांनी या पेचाचे एक रीतसर शास्त्रच केले आहे. तेथे ‘अंडरस्टडी’ म्हणजे मुख्य नटाची भूमिका तयार करून ठेवलेला नट, आणि ‘स्विंग’ म्हणजे समूहातल्या अनेक भूमिका पाठ असलेला, कोठेही उभा राहू शकणारा नट. दीर्घकाळ चालणाऱ्या आणि पैसा असलेल्या नाटकांत अशा नटांसाठी निराळे कपडे शिवतात. लहान मंडळ्यांत मूळ कपड्यावरच काम भागवतात, मात्र बूट आणि अंगालगतचे कपडे ज्याचे त्याला देण्याचा प्रघात आहे. भाड्याने पोशाख देणाऱ्या तिकडच्या जुन्या पेढ्यांत एकेका कोटाच्या आत नावांच्या तीन-तीन, चार-चार पट्ट्या शिवलेल्या सापडतात. ज्यांनी ज्यांनी तो घातला त्यांची ती वंशावळच म्हणायची. (कपड्यांना येणारा घामाचा वास घालवण्यासाठी तेथे स्वस्त व्होडका फवारतात. ही माहिती मी आमच्या धर्मग्रामातल्या काही मंडळींना मुद्दाम सांगितलेली नाही.) न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीत नाटक १९८८ पासून १६ एप्रिल २०२३ पर्यंत चालले, १३,९८१ प्रयोग झाले. त्याचे पोशाख रेखाटणाऱ्या मारिया ब्यॉर्नसन २००२ मध्येच वारल्या. त्यांच्यामागेही वीस वर्षे नव्या नटांसाठी, नव्या कापडावर, नव्या मापांनी तेच पोशाख शिवले जात राहिले. कापड गेले, अंगे गेली, आकृती राहिली. सेमिनरीत आम्हाला थिसियसच्या जहाजाचे कोडे घालत असत. एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते काय? तेव्हा ते कोडे मला पोरकट वाटे.

त्याच वर्गांत आम्ही अरिस्टॉटलच्या दहा पदार्थांची यादी घोकली होती. द्रव्य, परिमाण, गुण, संबंध असे करत करत शेवटाकडे एक विचित्र वर्ग येतो. अंगावर काही धारण केलेले असणे. पायांत जोडे असणे, अंगावर शस्त्रे असणे, ही त्याची उदाहरणे. जगाच्या मूलभूत वर्गांत जोड्यांना जागा कशासाठी, असे आम्ही हसून म्हणत असू. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र या वर्गाचा संबंध विशेषेकरून माणसाशी लावला. इतर प्राण्यांना निसर्गाने कातडे, शिंगे, लोकर देऊन पाठवले. माणसाला उघडा पाठवला आणि बुद्धी दिली, म्हणून जे धारण करायचे ते त्याला स्वतः तयार करावे लागते. या वर्गाचे लॅटिन नाव ‘हॅबिटस’. तोच शब्द सद्गुणाच्या अंगवळणी पडलेल्या स्थितीसाठीही वापरतात. ‘अंगवळणी पडणे’ हा आपला मराठी वाक्प्रचारही किती जवळचा आहे पाहा. सवय अंगाला वळण देते आणि अंग सवयीला. पण त्याला वेळ लागतो. काल संध्याकाळी सांगून आज सकाळी उभ्या केलेल्या माणसाच्या अंगवळणी काहीही पडलेले नसते. त्याच्याजवळ असतो तो केवळ दुसऱ्याच्या अंगाच्या वळणाचा कपडा.

जुन्या करारात याचा एक प्रसंग आहे आणि तो इतका परिचयाचा आहे की त्यातली शिंपीकामाची बाजू आपल्या नजरेतून निसटते. गल्याथाशी लढायला सगळ्या छावणीच्या वतीने कोवळा दावीद पुढे होतो. शौल राजा त्याला स्वतःचा पोशाख देतो, डोक्यावर पितळी शिरस्त्राण ठेवतो, अंगात चिलखत चढवतो. आता हा शौल कसा होता? सगळ्या लोकांत खांद्यापासून वर उंच, असे त्याच पुस्तकात आधी सांगून ठेवले आहे. दावीद चालून पाहतो, त्याला चालता येत नाही, आणि तो ते सगळे उतरवून ठेवतो. प्रवचनात आपण येथून गोफणीकडे धाव घेतो. मी मात्र अलीकडे त्या उतरवण्यापाशी थांबतो. शौलाच्या मनात कपट होते असे ग्रंथ सांगत नाही. आपल्याजवळचे सर्वोत्तम त्याने दिले. फक्त ज्याला द्यायचे त्याच्याकडे पाहिले नाही. आणि दावीदाला ते राजाच्या तोंडावर परत करण्याचे धैर्य झाले, हे विशेष. बहुतेक बदली माणसांना ते होत नाही. आधीच उपकार झालेले असतात. कोट ढगळ आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता ते वीस वर्षांपूर्वीचे हसणे.

२००४ साली मी उपनगरातल्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक शाळेच्या मैदानावर करायचे ठरले आणि ते बसवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. येशूची भूमिका करणारे गृहस्थ बँकेत नोकरीला होते. उंचेपुरे, भारदस्त आवाजाचे. त्यांच्या मापाने पांढुरक्या कापडाचा पायघोळ झगा शिवून घेतला होता आणि शिलाई बरीच झाली होती. प्रयोग शनिवारी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी. बुधवारी त्यांना कावीळ झाल्याचे कळले.

पडदा ओढणारा आणि आडून वाक्ये सांगणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. सगळ्या तालमींना हजर राहिल्याने त्याला सर्वांचीच वाक्ये पाठ झाली होती. त्याची आई चार घरची धुणीभांडी करी. तो स्वतः एका कुरियरच्या कचेरीत पाकिटे वाटायच्या कामाला होता. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. त्याचे नाव निघाले तेव्हा समितीत कुजबुज झाली. मी ठामपणे म्हणालो, हाच करील. आपण एका गरीब मुलाला केवढी संधी दिली, या विचाराने त्या रात्री मला समाधानाची झोप लागली, हेही येथे कबूल करतो.

शुक्रवारी झगा घालून पाहिला. तो वीतभर जमिनीवर लोळत होता आणि गळा खांद्यावरून सरकत होता. महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘फादर, शिंप्याकडे देऊ या, रात्रीत करून देईल.’’ मी नको म्हणालो. माझे कारण मला अजून शब्दशः आठवते. पुढल्या वर्षी मूळ नट बरे होऊन येतील, तेव्हा झगा कापलेला बरा दिसणार नाही. शिवाय एकाच प्रयोगाचा तर प्रश्न. आम्ही खालची किनार दुमडून आठ टाचण्या लावल्या आणि दोन खांद्यावर.

कालवरीच्या वाटेवर दुसऱ्या पतनाच्या वेळी टाचण्या सुटल्या. उठताना त्याचा पाय किनारीत अडकला आणि तिसरे पतन ठरल्या जागेच्या बरेच आधी झाले, तेही खरोखरीचे. झगा एका खांद्यावरून उतरला. पुढे बसलेली शाळेची मुले हसली. मग त्यांच्यामागची मोठी माणसे हसली. तो उठला. डबक्यातून जाताना बायका लुगडे उचलून धरतात तशी त्याने एका हाताने किनार धरली, दुसऱ्या हाताने क्रूस, आणि तसाच शेवटपर्यंत गेला. एकही वाक्य चुकला नाही.

त्यानंतर तो रंगमंचाच्या आसपास फिरकला नाही. वर्षभरात ते कुटुंब भाडे परवडत नाही म्हणून नालासोपाऱ्याकडे राहायला गेले. पुढल्या वर्षी बँकेतले गृहस्थ बरे होऊन आले आणि झगा त्यांना चपखल बसला.

क्रुसाखालच्या शिपायांनी येशूच्या कपड्यांची वाटणी केली, पण बिनशिवणीचा अंगरखा फाडायला त्यांचे मन धजेना. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, असे योहान लिहितो. झगा कापायला नको, असे म्हणणारे मैदानावर त्या संध्याकाळी आणखी कोण होते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

या प्रकरणात व्यवहाराची बाजू मी नाकारत नाही. हौशी नाटकाचे अंदाजपत्रक ते किती असणार? जो कदाचित कधीच रंगमंचावर येणार नाही, त्याच्यासाठी निराळा पोशाख शिवून ट्रंकेत ठेवणे ही चैन आहे, असे म्हणणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावाने यातून एक मार्ग काढला आहे. १६३३ साली महामारीत केलेल्या नवसाचे पालन म्हणून तेथे १६३४ पासून दुःखसहनाचे नाटक होते. आता साधारण दहा वर्षांनी होते, आणि २०२० चे करोनामुळे पुढे ढकलून २०२२ मध्ये झाले. त्यात प्रमुख भूमिकांसाठी दोन-दोन नट होते आणि ते आळीपाळीने काम करत होते. येशूही दोन. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी गावात फर्मान निघते आणि तेव्हापासून कोणी केस-दाढी कापत नाही, कारण तेथे टोप चालत नाहीत. म्हणजे दोघेही एकाच दिवसापासून केस वाढवू लागतात. दोघांतला एक मूळ आणि दुसरा बदली, हा भेदच तेथे उरत नाही. असे करायला मोठे गाव, मोठा पैसा आणि जवळजवळ चार शतकांचा सराव लागतो, हे उघड आहे. आमच्या मैदानावरच्या नाटकाला त्यातले काहीच नव्हते. परंतु आम्हाला एक शिंपी लागत होता आणि तो दोन गल्ल्या सोडून बसलेला होता.

‘बदली’ हा शब्द माझ्या घरात निराळ्या अर्थानेही नांदला आहे. माझे वडील गिरणीत कायम होण्यापूर्वी सहा वर्षे बदली कामगार होते. सकाळी फाटकावर उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर काम मिळायचे. ते सांगत, की दुसऱ्याच्या साच्याला दुसऱ्याच्या हाताची सवय असते. धागा कोठे तुटतो ते मूळ माणसाला ठाऊक. बदलीवाल्याला ते कळेपर्यंत पाळी संपते आणि कमी कापडाचा दोष त्याच्या माथी बसतो. आणि आता माझीही दर काही वर्षांनी बदली होते. नव्या धर्मग्रामात गेलो की सॅक्रिस्टीतले कपाट उघडतो. मिस्साचा वरचा झगा कोणाच्याही अंगाला होतो. तो शतकानुशतके असाच बेतत आले आहेत, जेणेकरून आतला माणूस उंच की बुटका हे लोकांनी पाहू नये. तेच आमचे लुगडे. त्याखालचा पांढरा पायघोळ अंगरखा मात्र पाहावा लागतो. या धर्मग्रामात माझ्या आधीचे फादर सहा फुटांचे होते; पहिल्या रविवारी मी कमरेच्या दोरीत तो चार बोटे वर खोचून घेतला आणि वेदीच्या पायऱ्या जपून चढलो. वेदीसेवक मुलांचे तर काय सांगावे! जो उशिरा येतो त्याला उरलेला झगा मिळतो, आणि दर रविवारी एखाद्या पोराचे घोटे तरी उघडे असतात किंवा पाऊल तरी गुरफटलेले असते. हे मी वर्षानुवर्षे पाहत होतो आणि ते उशिरा येण्याचे प्रायश्चित्त आहे असे समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी तो मुलगा मला भेटला. मुलगा कसला, आता चाळिशीचा बाप. वसईकडच्या एका धर्मग्रामात प्रथम कम्युनियनच्या सोहळ्याला मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि त्याची लेक त्या मुलांत होती. त्यानेच मला ओळखले. जेवणानंतर मी त्याला बाजूला घेतले आणि त्या संध्याकाळबद्दल क्षमा मागितली. झग्याबद्दल, टाचण्यांबद्दल, लोक हसले त्याबद्दल. तो थोडा वेळ आठवत राहिला.

‘‘हसले होते का?’’ तो म्हणाला. ‘‘ते नाही आठवत, फादर. पण झग्याला त्यांच्या तेलाचा वास होता. बँकेतल्या अंकलचा. सगळा वेळ वाटत होतं, मी कोणाच्या तरी घरात शिरलोय आणि ते कधीही परत येतील.’’

मग त्याने मला आपल्या लेकीचा फोटो काढायला उभे केले.

आंधळ्या इसहाकाने याकोबाला जवळ घेतले तेव्हा त्याच्या अंगावरच्या, एसावाच्या कपड्यांचा वास घेतला आणि मगच आशीर्वाद दिला. जवळ होता एक मुलगा आणि वास येत होता दुसऱ्याचा. हा उतारा मी कितीतरी वेळा शिकवला आहे, नेहमी फसवणुकीचे उदाहरण म्हणून. त्या कपड्यांत याकोबाला कसे वाटले असेल, असा प्रश्न मला कोणी विद्यार्थ्याने विचारला नाही आणि मीही कधी विचारला नाही.

येत्या प्रायश्चित्तकाळात आमच्याकडे पुन्हा नाटक आहे. येशूच्या भूमिकेसाठी दोन तरुण तयारी करत आहेत. एक अभियंता आहे आणि एक रिक्षा चालवतो. दोघांनाही दोन-दोन प्रयोग ठरवून दिले आहेत. वित्त समितीत दुसऱ्या झग्याच्या खर्चावर अर्धा तास चर्चा झाली, ती सगळी येथे देत नाही. मंजुरी मिळाली. मागच्या सोमवारी मी दोघांना घेऊन शिंप्याकडे गेलो. त्याने गळ्यातली टेप काढली, दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, ‘‘फादर, यांतले मेन कोण? त्यांचं माप आधी घेतो.’’

मी म्हटले, जो दाराजवळ उभा आहे त्याचे आधी घ्या. दोघांची मापे त्याने वहीच्या एकाच पानावर लिहून घेतली आणि कापड केव्हा आणून देता, असे विचारले.